मेस्काल घालून हॉट चॉकलेट: दूध की पाणी, किती आणि केव्हा

प्रश्न असा आहे: "मेक्सिकोहून आणलेली मेस्कालची बाटली घरी आहे. थंडीत हॉट चॉकलेटमध्ये घालून पाहिली. दूध, कोको पावडर आणि साखर उकळायला ठेवली आणि उकळी फुटल्यावर त्यातच मेस्काल ओतली. दूध फाटल्यासारखं दिसलं, कप तोंडाशी नेला की दारूचा भपका आला, आणि चवीत कडूपणाशिवाय काही हाती लागलं नाही. तिकडे हे कसं करतात? प्रमाण काय ठेवायचं? मेस्कालऐवजी टकीला चालेल का?"

मेस्काल म्हणजे धुराच्या चवीची मेक्सिकन दारू, आणि तुमच्या बाटलीत खोट असेल असं मला वाटत नाही. बिघडवलं ते दुधाने, उकळीने आणि मेस्काल घालायच्या वेळेने. थेट उत्तर आधी देते: चॉकलेट पाण्यात करा, ते घुसळून फेस काढा, आच बंद करा, आणि मेस्काल पातेल्यात न ओतता कपात घाला. २०० मिलीच्या कपाला २० ते ३० मिली, म्हणजे फार तर एक लहान पेग. हे असंच का, ते आता सविस्तर सांगते. कारण समजलं की तुमच्याकडे कोणतंही चॉकलेट आणि कोणतीही बाटली असो, तुमचं तुम्हाला जमवता येईल.

मी बारमध्ये पेयं बनवते आणि बनवायला शिकवते. प्यायच्या चॉकलेटचं काम वाहाकात राहून शिकले, म्हणून माझी रीत तिथली आहे. वाहाका हे मेक्सिकोच्या दक्षिणेकडचं राज्य. त्याच्या राजधानीचं नावही तेच. देशातली बहुतेक मेस्काल याच राज्यात गाळली जाते, आणि प्यायच्या चॉकलेटसाठीही हेच शहर नावाजलेलं. कोको मात्र इथे फारसा पिकत नाही, तो ताबास्को आणि चियापास या राज्यांतून येतो.

शहरात '२० नोव्हेंबर' नावाचा जुना बाजार आहे. त्याच्या बाजूच्या मीना रस्त्यावर चॉकलेटच्या गिरण्या आहेत. आपल्याकडे उन्हाळ्यात मिरची-मसाला डंकावर नेऊन कुटून आणतात, तशी तिथली घरं आपल्या प्रमाणाचं चॉकलेट दळून नेतात. एक किलो कोकोला एक ते दोन किलो साखर, मूठभर बदाम, दालचिनीच्या काड्या. प्रत्येक घराचं माप वेगळं. भाजून साल काढलेला कोको, दालचिनी आणि बदाम गिरणीच्या तोंडात टाकतात. दळताना उष्णतेने कोकोतलं लोणी वितळतं आणि खालच्या तोंडातून पीठ येत नाही, काळपट, चकचकीत, गरम रबडी ओघळत येते. ती साखरेत कालवायची आणि पुन्हा गिरणीतून काढायची. मग घरी नेऊन ऊब असेपर्यंत वड्या थापायच्या. हे चॉकलेट तोंडात टाकलं तर रवाळ लागतं, साखरेचे कण दाताखाली येतात. ते प्यायसाठीच केलेलं असतं, खायच्या गुळगुळीत वडीशी त्याची तुलना करू नये. त्यात दूध नसतं, साखर आणि दालचिनी आधीच असते, आणि कोको चांगला खरपूस भाजलेला असतो. या तिन्ही गोष्टी पुढे कामाला येतात.

आता मेस्काल. ती 'मागे' किंवा 'आगावे' नावाच्या झाडापासून करतात; आपला घायपात त्याचाच भाऊबंद. वाहाकातली बहुतेक मेस्काल एस्पादीन नावाच्या जातीपासून करतात. हे झाड तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षं लागतात. पानं छाटून आतला गड्डा काढतात, तो अननसासारखा दिसतो म्हणून त्याला तिकडे अननसच म्हणतात. जमिनीत मोठा खड्डा खणून त्यात लाकडं पेटवतात, वर दगड तापवतात, दगडांवर गड्डे रचून सगळं मातीखाली गाडतात आणि काही दिवस तसंच राहू देतात. मेस्कालमधला धूर इथून येतो. भाजलेले गड्डे पुष्कळ गावांत अजून घोड्याने ओढायच्या दगडी चाकाखाली चिरडतात, लाकडी पिंपांत आंबवतात, आणि तांब्याच्या किंवा मातीच्या भट्टीत दोनदा गाळतात. टकीला हीसुद्धा घायपाताचीच दारू, पण तिच्यासाठी फक्त निळा आगावे वापरता येतो आणि तो बहुतेक ठिकाणी वाफेवर शिजवतात. म्हणून टकीलात धूर नसतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे.

चॉकलेटशी मेस्काल जुळते ती याच धुरामुळे. तव्यावर भाजलेला कोको आणि मातीखाली भाजलेला घायपात, दोन्हींचा खरपूसपणा एकमेकांना उचलून धरतो. शिवाय चांगल्या मेस्कालमध्ये धुराखाली भाजक्या कंदाची गोडी असते, थोडी हिरवट, थोडी फळासारखी चव असते. माझ्या मते या पेयाची सगळी कसोटी तिथे आहे: घोट घेतल्यावर आधी चॉकलेट लागावं, मग धूर, आणि गिळल्यानंतर घायपाताची गोडी मागे राहावी. धूर आणि जळजळ एवढंच जाणवलं, तर प्रमाण किंवा तापमान चुकलंय.

एक खुलासा करायला हवा. 'मेक्सिकोत हे कसं करतात' असं तुम्ही विचारलंत. वाहाकात ही दोन्ही पेयं एकाच घरात, एकाच सणाला असतात. लग्न असो की नोव्हेंबरच्या सुरुवातीचे पितरांचे दिवस असोत, पाहुण्यापुढे गरम चॉकलेटचा वाडगा आणि बुडवून खायला अंड्याच्या बलकाचा पाव येतो, आणि मेस्कालची कोपिता, म्हणजे इवलासा पेलाही येतो. पण ती दोन वेगवेगळ्या भांड्यांत. चॉकलेट पाव बुडवून पितात, मेस्काल वेगळी, हळूहळू घोट घेत. दोन्ही एका कपात घालणं ही अलीकडची, बारमध्ये रुळलेली रीत आहे. म्हणून कुणी 'अझ्टेकांची प्राचीन कृती' म्हणून हे विकत असेल तर विश्वास ठेवू नका. गाळलेली दारू मेक्सिकोत रुजली ती स्पॅनिश राजवटीत, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. कोको त्याआधीपासून होता, मागेचा रस आंबवून केलेला पुल्केही होता, पण हा कप नव्हता. नवी रीत आहे म्हणून ती कमअस्सल होत नाही. मात्र जुन्या घरातली शिस्त तिच्यात आणली तर ती सुधारते. माझी कृती म्हणजे तोच प्रयत्न आहे: चॉकलेट आधी पूर्ण, स्वतंत्रपणे पिण्याजोगं करायचं, आणि मेस्काल त्याला शेवटी भेटवायची.

दोन कपांचं प्रमाण: पाणी ४०० मिली, वाहाकी पद्धतीचं प्यायचं चॉकलेट ८० ग्रॅम, चिमूटभर मीठ, मेस्काल ४० ते ६० मिली. पाणी उकळा, आच मंद करा, चॉकलेटचे तुकडे टाका आणि लाकडी डावाने तळ खरवडत ढवळा. दोन-तीन मिनिटांत वड्या विरघळतात, पण थांबू नका. आणखी पाचेक मिनिटं अगदी मंद आचेवर राहू द्या, पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे. रवाळ दळलेला कोको पाणी ओढून घेतो, पेयाला अंग येतं. मग आच बंद करा आणि घुसळा.

घुसळायला तिकडे मोलिनीयो असतो: लांब दांडा, खाली कोरीव खाचांचं लाकडी डोकं, त्यावर सैल फिरणाऱ्या लाकडी कड्या. दांडा दोन तळव्यांत धरून फिरवतात. तो मिळाला नाही तर ताकाची लाकडी रवी घ्या, ती हेच काम चोख करते. पातेलं उभट हवं आणि निम्मंच भरलेलं, नाहीतर ओट्यावर सडा पडेल. पहिल्यांदा मोठे, लगेच फुटणारे बुडबुडे येतात. घुसळत राहिलात की ते बारीक होत जातात, रंग उजळतो आणि बोटभर जाडीचा तपकिरी फेस वर बसतो. वाहाकात चॉकलेट करणाऱ्या बाईची पारख या फेसावर होते. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तो एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतून काढत. प्राचीन माया लोकांच्या रंगवलेल्या भांड्यांवर तशी ओतणारी बाई चितारलेली सापडते.

आणि इथेच मेस्काल कपात घालायचं पहिलं कारण येतं. अल्कोहोल फेस मोडतं. पातेल्यात मेस्काल ओतून मग घुसळलंत तर फेस धरत नाही, धरला तरी टिकत नाही. म्हणून कप गरम पाण्याने ऊब आणून पुसा, तळाशी मेस्काल घाला, त्यावर वितभर उंचीवरून चॉकलेट ओता. ओताच्या जोराने तळची मेस्काल आपोआप मिसळते, वर फेस तरंगतो. शेवटी चमच्याने तळातून एकच वळसा द्या. फेसात चमचा फिरवू नका.

दुसरं कारण तापमानाचं. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. उकळत्या पातेल्यात मेस्काल पडली की सर्वांत आधी वाफेबरोबर सुटतात ते तिचे हलके, सुवासिक घटक, ज्यांच्यासाठी तुम्ही बाटलीचे पैसे मोजलेत. आणि 'उकळलं की दारू उडून जाते' हा समज खरा नाही. उकळत्या पदार्थात दारू घालून लगेच आच बंद केली, तर बहुतांश अल्कोहोल आतच राहतं. म्हणजे सुगंध गेला, नशा राहिली, आणि जे थोडं उडालं ते तुमच्या नाकात. तुम्हाला आलेला भपका तोच. चॉकलेट ७५ अंशांवर असताना १८० मिली घेऊन खोलीच्या तापमानाच्या ३० मिली मेस्कालवर ओतलं, तर कप साधारण ६८ अंशांवर येतो. दोन मिनिटांत तो ६२-६३ पर्यंत उतरतो आणि प्यायला बरोबर होतो. थर्मामीटर नसेल तर फेस काढायला लागणारा वेळच पुरेसा आहे. आच बंद करून दोन मिनिटं घुसळलंत की चॉकलेट हव्या त्या तापमानाच्या आसपास असतं.

कपाचा आकारही लक्षात घ्या. उंच, अरुंद मगात वाफ कोंडते आणि पहिल्या घोटाला नाक झोंबतं. पसरट, वाडग्यासारखा कप घ्या. वाहाकातले चॉकलेटचे मातीचे वाडगे तसेच असतात. आणि पहिला घोट घाईने घेऊ नका.

पातेल्यात मेस्काल न ओतण्याला सुरक्षेचंही कारण आहे, आणि ते मी बारमधल्या नवीन मुलांना सर्वांत आधी सांगते. ४० टक्क्यांच्या दारूची वाफ २६ अंशांच्या आसपासही ज्योत पकडू शकते. पेटत्या गॅसवरच्या पातेल्यात बाटली तिरपी करणं म्हणजे ज्योतीला बाटलीपर्यंत वाट करून देणं. मेस्काल तर पुष्कळदा ४५ ते ५० टक्क्यांची असते. गॅस बंद, बाटली लांब, माप वेगळ्या पेल्यात.

आता दुधाकडे येते. वाहाकात चॉकलेट पाण्यात आणि दुधात, दोन्ही मिळतं. हॉटेलात बसलात की विचारतातच, पाण्यातलं की दुधातलं. नुसतं प्यायला दुधातलं मलाही आवडतं, मेस्कालबरोबर नाही. दुधातली चरबी आणि प्रथिनं कोकोचा आणि धुराचा कडसरपणा धरून ठेवतात, चव गुळगुळीत करतात. एरवी तो गुण आहे. इथे त्याने धूर बोथट होतो, घायपाताची गोडी दबते, आणि जिभेवर फक्त अल्कोहोलचा चटका उरतो. मग माणूस चव यावी म्हणून आणखी मेस्काल घालतो. पाण्यातल्या चॉकलेटला २० मिली जिथे पुरते तिथे दुधातल्याला ४५ ओतूनही समाधान होत नाही. साय, क्रीम, आइस्क्रीम घातलेल्या कपात तर चांगली मेस्काल वाया घालवू नये असं मी स्पष्ट सांगते.

दूध फाटलं कशाने? अल्कोहोल दुधातल्या प्रथिनांना अस्थिर करतं. दूध संकलन केंद्रावर परीक्षानळीत दूध आणि अल्कोहोल समप्रमाणात मिसळून बघतात ते यासाठीच. दुधात आंबटपणा आलेला असेल तर लगेच कण दिसतात. कपातल्या थोड्या मेस्कालने ताजं दूध सहसा फाटत नाही. पण दूध किंचित जुनं, कोको आंबटसर, उकळीची उष्णता आणि त्यावर एकदम पडलेली दारू, एवढं सगळं एकत्र आलं की कण धरतात. त्यात गूळ पडला असेल तर सोन्याहून पिवळं. गरम दुधात गूळ घातला की काय होतं ते आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तरीही दूध हवंच असेल तर निम्मं पाणी, निम्मं ताजं टोन्ड दूध घ्या, गोडीला साखरच वापरा, आणि मेस्काल घालायची पद्धत वर सांगितली तीच ठेवा. सहा टक्के स्निग्धांशाचं दूध टाळा.

एक वेगळी गफलत पुष्कळांची होते, तीही सांगून ठेवते. काहीजण आधी चॉकलेट वितळवतात आणि त्या घट्ट चॉकलेटमध्ये चमचाभर मेस्काल घालतात. लगेच त्याचा कोरडा, रवाळ गोळा होतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडासाच ओलावा गेला की साखर आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटतात. तसं झालं तर टाकून देऊ नका. त्यात थोडं थोडं उकळतं पाणी घालत ढवळा, सुटतं. पण मुळात क्रम हाच ठेवा: आधी भरपूर पाणी, त्यात चॉकलेट, शेवटी दारू.

भारतात वाहाकी चॉकलेट सहज मिळत नाही. परदेशातल्या मराठी मंडळींना मेक्सिकन दुकानात इबारा किंवा अबुएलिता मिळेल. त्यांत साखर हा पहिला घटक असतो, त्यामुळे पाणी थोडं कमी घ्या आणि वरून एक चमचा साधा कोको घाला. इथे असाल तर ७० टक्क्यांचं साधं गडद चॉकलेट ६० ग्रॅम, साखर २० ग्रॅम, आणि दालचिनी घेऊन ४०० मिली पाण्यात करा. केरळातल्या इडुक्कीच्या कोकोपासून आपल्याकडचे छोटे उत्पादक चांगल्या वड्या करतात, त्या चालतात. फार आंबट-फळासारख्या चवीची वडी नको, खरपूस बाजूची घ्या. रवाळ अंग हवं असेल तर सहा-सात बदाम सालीसकट भाजून, बारीक कुटून पाण्याबरोबरच उकळा. नुसती कोको पावडर वापरायची वेळ आली तर कपाला दोन मोठे चमचे घ्या, थोड्या गरम पाण्यात कालवून मग उकळा. पण कोको पावडरीतलं लोणी काढून घेतलेलं असतं, त्यामुळे पेय पातळ लागतं आणि कडूपणा उघडा पडतो. तुमच्या कपातला कडूपणा बहुतेक त्यातून आला.

दालचिनी हा विषय मला जवळचा आहे. मेक्सिकोत वापरतात ती श्रीलंकेची पातळ, अनेक पदरांची, बोटांनी चुरगळणारी दालचिनी. आपल्या किराणा दुकानात पुष्कळदा जाड, कडक सालीची कॅशिया मिळते. तिचा तिखट झणका मेस्कालच्या धुरावर चढतो आणि कप मसाल्याच्या दुधासारखा लागू लागतो. कोकणात मात्र पातळ सालीची खरी दालचिनी पिकते; दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' ही जात त्याच प्रकारची आहे. ती मिळवा. दोन कपांना तर्जनीच्या निम्म्या लांबीचा तुकडा पुरे. जाड दालचिनीच असेल तर अर्ध्याहून कमी घ्या आणि पाणी उकळल्यावर काढून टाका.

मिरची घालावी का, हे हमखास विचारलं जातं. वाहाकातल्या घरी रोजच्या चॉकलेटमध्ये मिरची नसते. बारमध्ये घालतात, आणि चॉकलेट-मिरचीचं नातं जुनं आहे हेही खरं. पण या कपात अल्कोहोलचा चटका आधीच आहे, त्यावर मिरचीचा तिखटपणा बसला की जीभ बाकी काही ऐकत नाही. फारच हौस असेल तर धुरी दिलेल्या चिपोत्ले मिरचीची चिमूटभर पूड फेसावर. लवंगी मिरची नको.

मेस्काल कोणती? लेबलवर १०० टक्के 'मागे' किंवा 'आगावे', जात एस्पादीन, आणि प्रकार 'आर्तेसानाल' असं लिहिलेलं पाहा. मेक्सिकोच्या नियमांत मेस्कालचे तीन वर्ग आहेत: साधी, आर्तेसानाल (हातकारागिरीची) आणि आन्सेस्त्राल (पूर्वापार पद्धतीची). तिसऱ्या वर्गाची मातीच्या भांड्यात गाळलेली असते, ती नुसतीच प्या. तोबाला, तेपेझ्ताते अशा हळू वाढणाऱ्या मागेची महागडी बाटलीही चॉकलेटमध्ये घालू नका. तेपेझ्ताते तयार व्हायला कित्येकदा दोन दशकं लागतात; इतक्या वर्षांची चव कोकोखाली गाडणं मला पटत नाही. लाकडी पिंपात मुरवलेल्या मेस्कालचाही इथे उपयोग नाही, स्वच्छ न मुरवलेलीच हवी. बाटलीच्या तळाशी अळी असेल तर ती परंपरा म्हणून भुलू नका, ती विसाव्या शतकाच्या मध्यातली विक्रीची कल्पना आहे.

शाकाहारी वाचकांसाठी दोन सूचना. 'पेचुगा' नावाची मेस्काल गाळताना भट्टीत फळं-मसाल्यांबरोबर कोंबडीची किंवा टर्कीची छाती टांगतात. आणि मेस्कालबरोबर मिळणाऱ्या लालसर मिठात, 'साल दे गुसानो'त, मिरचीबरोबर घायपातावरच्या भाजलेल्या अळ्या दळलेल्या असतात. काही बारमध्ये कपाच्या काठाला ते मीठ लावतात. विचारून घ्या.

टकीला चालते, पण मग पेय वेगळं होतं. धूर नसल्यामुळे पांढरी टकीला चॉकलेटमध्ये फक्त तिखट लागते. रेपोसादो घ्या, ती किमान दोन महिने ओकच्या लाकडात असते आणि त्यातून आलेला व्हॅनिलासारखा वास चॉकलेटला शोभतो. एक वर्षाहून अधिक मुरलेली आन्येहो त्याहून गोल लागते. टकीलाच्या कपात निम्मं दूध खपतं, कारण धूर झाकला जाण्याची भीती नाही. मात्र १०० टक्के आगावेची हवी. नुसतं 'गोल्ड' लिहिलेल्या स्वस्त बाटल्यांत पुष्कळदा जवळपास निम्म्यापर्यंत साखर दुसऱ्या स्रोतातली आणि रंग कॅरामेलचा असतो, गरम झाल्यावर ती मळमळायला लावते.

मेक्सिकोतल्या बाकी पारंपरिक दारूंबद्दल थोडक्यात. चियापासच्या डोंगरातल्या त्सोत्सिल लोकांची 'पोश' मका आणि उसापासून करतात. कोको त्याच राज्यात पिकत असल्याने ती चॉकलेटबरोबर सुरेख जाते, मिळाली तर सोडू नका. पुएब्लाची रोम्पोपे म्हणजे अंड्याचा बलक, दूध, साखर आणि दारू; तिला दुधातलं चॉकलेट चालतं, साखर निम्मी करा. पुल्के मात्र गरम करू नये. तो चार ते सहा टक्क्यांचा, आंबट, चिकट असतो. गरम झाला की वास बिघडतो आणि दूध तर हमखास फाडतो.

दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून गाळलेली भारतीय दारू गोव्यात मिळते. तिला मेस्काल म्हणता येत नाही, ते नाव मेक्सिकोच्या ठरावीक राज्यांसाठी राखीव आहे. पण वाहाकी बाटली नसेल तेव्हा मी तीच घेते आणि धुराची उणीव कोको जरा जास्त खरपूस निवडून भरून काढते. काजूची फेणी वापरावी का? मला जुळत नाही. तिचा फळाचा उग्र वास कोकोशी भांडतो; ती वेगळीच प्यावी.

गोडीसाठी तिकडे पिलोन्सियो, म्हणजे उसाच्या रसाचे आटवून पाडलेले खडे, वापरतात. आपला गूळ त्याच जातीचा. पाण्यातल्या चॉकलेटमध्ये साखरेऐवजी गूळ घालून पाहाच, मेस्कालला तो साखरेपेक्षा जास्त मानवतो. खारट नसलेला, गडद रंगाचा घ्या. २० ग्रॅम साखरेच्या जागी २५ ग्रॅम.

प्रमाणाबद्दल शेवटचं. ३० मिली मेस्काल ४५ टक्क्यांची धरली तर १८० मिली चॉकलेटमध्ये मिळून कप सुमारे साडेसहा टक्क्यांचा होतो. गोड आणि गरम असल्यामुळे तो बीअरपेक्षा कडक आहे हे जाणवत नाही, आणि दुसरा कप पटकन भरला जातो. गाडी चालवायची असेल तर घेऊ नका. चार-सहा जण असतील तर चॉकलेट आधी करून थर्मासमध्ये ठेवा. तास-दीड तास चांगलं राहतं, ओतण्यापूर्वी पुन्हा रवी फिरवा. मुलं, आणि न पिणारी मंडळी, यांचे कप त्याच थर्मासमधून भरता येतात. मेस्काल कपातच पडते म्हटल्यावर दोन पातेली करावी लागत नाहीत. तळाशी कोकोचा गाळ राहील, तो गाळून टाकू नका. बुडवायला बेकरीतलं कडक बटर नको, मऊ, किंचित गोड पाव ठेवा, आणि पाव कपात बुडवण्याआधी दोन घोट नुसते घ्या, नाहीतर धूर पावच पिऊन टाकतो.